जपानचा इतिहास पहिल्यांदाच वाचताय? एका छोट्या पुस्तकापासून सुरुवात करा

पुण्यात जपानी भाषा शिकणारे खूप आहेत, मीही त्यांतलीच. जपानी भाषेची एन फोर पातळीची परीक्षा पास झाले तेव्हा क्रियापदं सरसर चालवता येत होती, पण 'एदो काळ' शिवाजी महाराजांच्या आधीचा की नंतरचा, असं कुणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. म्हणून ग्रंथालयातून सहाशे पानांचा जाडजूड इतिहास आणला. दीडशे पानांनंतर एका पानावर चौदा नवी नावं आली आणि मी तो मिटला.

पुढे हाती आलं ते एकशे सत्तर पानांचं परिचयपर पुस्तक. सहा आठवड्यांत ते तीनदा वाचलं. त्यानंतर जे काही वाचलं, ते सगळं त्या तीन वाचनांवर उभं आहे. त्या सहा आठवड्यांत काय केलं, कुठे अडले आणि आज पुन्हा सुरुवात करायची तर काय वेगळं करेन, ते इथे क्रमाने लिहिते.

१. पुस्तक निवडताना या चार गोष्टी बघा

मराठीत जपानची प्रवासवर्णनं भरपूर आहेत. ती जरूर वाचा, पण प्रवासवर्णनातून इतिहासाचा सांगाडा हाती लागत नाही. छोटं आणि नीट लिहिलेलं इतिहासाचं पुस्तक बहुधा इंग्रजीतच मिळेल. त्याने बिचकू नका, कारण अशा पुस्तकांची भाषा सोपी असते.

पहिली गोष्ट पानांची. दीडशे ते अडीचशे पानं असावीत, त्याहून जास्त नकोत. दुसरी गोष्ट अनुक्रमणिकेची. पुष्कळशी छोटी पुस्तकं 'आधुनिक जपान'ची असतात आणि १८५३ पासूनच सुरू होतात. ती चांगली असली तरी पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नका. १८६८ (सम्राटाकडे सत्ता परत आली ते साल) च्या आधीच्या काळाला निम्मी तरी पानं दिलेली हवीत. तिसरी गोष्ट नकाशा आणि सनावळी. हे दोन्ही नसेल तर पुस्तक परत ठेवा.

चौथी गोष्ट मला उशिरा कळली. पुस्तकाच्या शेवटची सूची उघडा आणि चार शब्द शोधा: कोरिया, नानजिंग (जपानी सैन्याने अत्याचार केले ते चिनी शहर), ओकिनावा (दक्षिणेची बेटं), आयनू (उत्तरेचे मूळ रहिवासी). हे चारही नसतील तर ते पुस्तक फक्त सामुराई, चेरीची फुलं आणि बुलेट ट्रेनचं आहे. यशाचे जपानी मंत्र सांगणारी पुस्तकंही या कामाची नाहीत.

२. जवळ काय ठेवायचं

दोनशे पानी वही, पेन्सिल, खोडरबर, शाळेचा नकाशासंग्रह, आणि आडवे चिकटवलेले सहा-सात पाठकोरे कागद. या कागदांची काळपट्टी करायची आहे. रोजची चाळीस मिनिटं पुरतात. जपानी भाषा येण्याची गरज नाही. एक मात्र सांगते, पहिल्या वाचनात मोबाईल दूर ठेवा. प्रत्येक नाव शोधत बसलात तर दिवसाला दोन पानंही होणार नाहीत.

३. आधी नकाशा, मग पहिलं पान

पहिला दिवस नुसता नकाशाला द्या. होक्काइदो, होन्शू, शिकोकू, क्यूशू ही चार मोठी बेटं हाताने काढा. जपानचं क्षेत्रफळ सुमारे पावणेचार लाख चौरस किलोमीटर आणि महाराष्ट्राचं तीन लाखांहून थोडं जास्त, म्हणजे देश आपल्या राज्यापेक्षा काहीसाच मोठा. त्यातही तीन चतुर्थांशाच्या आसपास डोंगर. भातशेतीला सपाट जमीन थोडीच उरते, आणि ती कुणाच्या ताब्यात, यावरच पुढची बरीच भांडणं आहेत.

नकाशावर पाच ठिकाणी ठिपके द्या: नारा, क्योतो, कामाकुरा, एदो म्हणजे आजचं तोक्यो, आणि पश्चिम टोकाचं नागासाकी. पुढच्या हजारेक वर्षांच्या बहुतेक घडामोडी या पाच ठिपक्यांच्या आसपास फिरतात. क्योतो ते एदो हा तोकाइदो रस्ता सुमारे पाचशे किलोमीटरचा, वाटेत ५३ मुक्काम. तोही रंगवून ठेवा.

४. काळपट्टी: वर त्यांचं, खाली आपलं

चिकटवलेल्या कागदांवर मधोमध आडवी रेघ ओढा. रेघेच्या वर जपान, खाली आपण. वर ही सालं आधीच लिहून ठेवा: ७१० नारा राजधानी, ७९४ क्योतो राजधानी, ११९२ पहिलं शोगुनपद (शोगुन म्हणजे सम्राटाच्या नावाने कारभार करणारा सेनापती), १४६७ ओनिनचं युद्ध, १६०० सेकिगाहाराची लढाई, १६०३ तोकुगावा शोगुन, १८६८ सम्राट मेइजींकडे सत्ता, १९४५ शरणागती.

आता खाली, जी सालं आपल्याला झोपेतून उठवलं तरी सांगता येतात ती लिहा: १६३०, १६७४, १७६१, १८१८, १८५७. कोरडी वाटणारी पट्टी इथे बोलायला लागते. शिवाजी महाराजांचा जन्म झाला त्याच दशकात, १६३३ ते १६३९ दरम्यान, शोगुनांनी एकामागून एक हुकूम काढून जपानी माणसाला परदेशी जायला बंदी केली आणि पोर्तुगीजांना हाकललं. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी एदोत चौथा तोकुगावा शोगुन होता. १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली आणि त्याच जुलैत अमेरिकेच्या कमोडोर पेरीची चार जहाजं एदोच्या उपसागराच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. जपानची पहिली आगगाडी १८७२ ची, म्हणजे आपल्यानंतर एकोणीस वर्षांनी. हे पट्टीवर दिसेपर्यंत जपान कायम आपल्या पुढेच होता असं मी धरून चालले होते.

५. पहिलं वाचन: नावं सोडून द्या

पहिल्यांदा पुस्तक कादंबरीसारखं सलग वाचा. दहा-बारा दिवसांत संपवा. नावं पाठ करू नका, ओळी अधोरेखित करू नका. प्रत्येक प्रकरण संपलं की पुस्तक मिटून वहीत आपल्या शब्दांत पाचच वाक्यं लिहा. पाच लिहिता आली नाहीत तर तीन लिहा, पण पुस्तकात बघून उतरवू नका. माझं हेइआन काळाचं (७९४ नंतरची चारेक शतकं) पहिलं टिपण असं होतं: 'राजधानी क्योतो. दरबारी लोक कविता करतात. मुली सम्राटांना देऊन फुजिवारा घराणं राज्य चालवतं. लांबच्या प्रांतात हत्यारबंद लोक वाढतायत. दरबाराचं तिकडे लक्ष नाही.' पुढच्या प्रकरणात त्याच हत्यारबंद लोकांनी सत्ता घेतली, तेव्हा मला ते कळायला अडचण आली नाही.

६. गादी कुणाची, कारभार कुणाचा

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढा प्रश्न विसरू नका. नवख्या वाचकाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो: सम्राट आहे, मग हा शोगुन कोण? शोगुन आहे, मग होजो का राज्य करतात? आणि १८६८ मध्ये सम्राट 'परत' आला म्हणजे तो गेला कुठे होता?

मराठी वाचकाला याची किल्ली घरातच सापडते. छत्रपती साताऱ्याला, पेशवे पुण्याला. कारभार शनिवारवाड्यातून चालायचा, पण पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहून यायची आणि ती आल्याशिवाय पेशवा पेशवा होत नसे. क्योतो आणि एदोचं नातं समजून घ्यायला एवढं पुरेसं आहे. १६०३ मध्ये तोकुगावा इएयासूने देश तलवारीने जिंकलेला होता, तरी शोगुन ही पदवी त्याने क्योतोच्या सम्राटाकडूनच घेतली.

आणखी एक पायरी खाली उतरा. सवाई माधवराव लहान, कारभार नाना फडणवीसांच्या हाती. कामाकुराच्या काळात अगदी असंच झालं. पहिला शोगुन योरितोमो, त्याच्या पश्चात त्याच्या सासुरवाडीचं होजो घराणं शोगुनचं कारभारी बनलं आणि शोगुन नावापुरता उरला. वर सम्राट, त्याच्या नावाने शोगुन, शोगुनच्या नावाने होजो. इंग्रजी पुस्तकात हे समजवायला अख्खं पान खर्चलेलं होतं. मला सातारा-पुणे आठवलं आणि ते पान दोन मिनिटांत उमगलं.

मग वहीत चार रकाने आखले: साल, गादीवर कोण, कारभार कुणाकडे, ठाणं कुठे. दुसऱ्या वाचनात ते भरत गेले. त्यातल्या या काही ओळी:

१००० – सम्राट इचिजो – फुजिवारा नो मिचिनागा – क्योतो
१२८१ – सम्राट गो-उदा – शोगुन कोरेयासू नावाला, खरा होजो तोकिमुने – कामाकुरा
१५९० – सम्राट गो-योझेइ – तोयोतोमी हिदेयोशी – ओसाका
१७०० – सम्राट हिगाशियामा – शोगुन तोकुगावा त्सुनायोशी – एदो
१८९० – सम्राट मेइजी – सात्सुमा आणि चोशू या दोन संस्थानांकडची मंत्रिमंडळी – तोक्यो
१९४६ – सम्राट शोवा – अमेरिकेचा जनरल मॅकार्थर – तोक्यो

शेवटची ओळ लिहिताना मी थांबले. युद्ध हरल्यावर परदेशी सेनापती येतो, तोही गादी तशीच ठेवतो आणि कारभार आपल्या हाती घेतो. सहा ओळींत साडेनऊशे वर्षं आली होती, आणि एकाही ओळीत गादीचा रकाना रिकामा राहिला नव्हता.

तुलना फार ताणू नका, हेही सांगायला हवं. पेशवा छत्रपतींचा प्रधान होता, तर शोगुन हे सेनापतीचं पद, त्याचं सरकार वेगळं आणि त्याची जमीनही स्वतःची. शिवाय शाहू महाराजांच्या निधनापासून पेशवाई बुडेपर्यंत सत्तर वर्षंही झाली नाहीत. तिकडे एकामागून एक अशा तीन शोगुनशाह्या, मधला काही काळ सोडला तर, जवळपास पावणेसातशे वर्षं टिकल्या.

७. नावं आणि सनावळीतले खाचखळगे

आडनाव आधी, नाव नंतर. तोकुगावा हे आडनाव, इएयासू हे नाव. तरी इतिहासकार नोबुनागा, हिदेयोशी, इएयासू असं पहिल्या नावानेच लिहितात, कारण एका आडनावाचे पंधरा-पंधरा शोगुन होऊन गेले. काही इंग्रजी लेखक क्रम उलटा करतात. पुस्तकाच्या सुरुवातीच्या टिपेत त्यांनी काय केलंय ते आधी बघून घ्या.

नावं वहीत देवनागरीतच लिहा, लवकर तोंडात बसतात. त्सुशिमातला 'त्सु' आपल्याला अवघड नाही. 'चूल' म्हणताना जो च येतो तो त्याच्या अगदी जवळ आहे. 'चोशू'मधला च मात्र 'चीन'मधला.

सनावळीत नवखा माणूस दोन ठिकाणी चुकतो. एक म्हणजे काळाच्या सीमा. कामाकुरा काळ एका पुस्तकात ११८५ ला सुरू होतो, दुसऱ्यात ११९२ ला. दोन्हींना आधार आहे. ११८५ मध्ये योरितोमोला प्रांतोप्रांती आपले अंमलदार नेमायचा अधिकार मिळाला, ११९२ मध्ये शोगुनपद. दुसरी चूक पंचांगाची. १८७३ च्या आधी जपानमध्ये चंद्राच्या तिथ्या होत्या, आपल्यासारखा अधिकमासही होता. म्हणून सत्तेचाळीस रोनिनांनी (धनी गमावलेल्या सामुराईंनी) धन्याच्या मृत्यूचा सूड घेतला ती रात्र कुठे १७०२ ची असते, कुठे १७०३ ची. जपानी पंचांगाने तो वर्षाचा बारावा महिना, इंग्रजी तारखेने १७०३ च्या जानेवारीची अखेर.

सम्राटांच्या कालगणनेलाही घाबरू नका. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, तसंच हे. मेइजी वर्षात १८६७ मिळवा, ताइशोत १९११, शोवात १९२५, हेइसेइत १९८८, रेइवात २०१८. शोवा २० म्हणजे १९४५. हे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

८. दुसरं वाचन: एकच काळ, पण सावकाश

दुसऱ्या वेळी सगळं पुस्तक सारख्या वेगाने वाचू नका. एक काळ निवडा आणि त्यातच मुरा. माझा सल्ला एदोचा, म्हणजे १६०३ नंतरच्या तोकुगावा शोगुनांच्या काळाचा. तो २६० हून जास्त वर्षांचा आहे, शांततेचा आहे आणि चित्रपटांमुळे आपल्या डोक्यात त्याचं चुकीचं चित्र पक्कं झालेलं असतं.

त्या चित्रातला सामुराई सदा तलवार उपसलेला. खरं म्हणजे एदो काळात लढाया जवळजवळ थांबल्या होत्या आणि बहुतेक सामुराई धन्याच्या गावी राहून हिशेब, पहारे, वसुली, पत्रव्यवहार सांभाळत होते. वेतन तांदळात. त्याचं माप कोकू, एक कोकू म्हणजे साधारण दीडशे किलो, एका माणसाचा वर्षाचा तांदूळ. दहा हजार कोकूंच्या वरचा सरदार तो दाइम्यो. १६३५ नंतर या दाइम्योंना आळीपाळीने एदोत येऊन राहावं लागे, आणि बायकामुलं कायमची एदोत. दोन ठिकाणचे वाडे आणि जाण्यायेण्याचा लवाजमा यातच त्यांचा पैसा संपे. बंड करायला पुढे काही उरत नसे. पुस्तकात याला एखादा परिच्छेद असतो. तो तीनदा वाचा, कारण तोकुगावांची सत्ता का टिकली याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

'जपानने दारं बंद केली' हे वाक्यही जपून वाचा. नागासाकीत देजिमा बेटावर डच आणि शहरात चिनी, त्सुशिमातून कोरिया, सात्सुमातून र्यूक्यूची बेटं (आजचं ओकिनावा), मात्सुमाएतून उत्तरेचे आयनू, अशी चार दारं उघडी होती. बंद होतं ते प्रजेचं बाहेर जाणं आणि ख्रिस्ती धर्म.

९. १८६८ ते १९४५: दोन्ही डोळे उघडे ठेवा

इथे भारतीय वाचकाला एक वेगळा धोका आहे, आणि मी त्यात अडकले होते. १९०५ मध्ये त्सुशिमाच्या समुद्रात जपानने रशियाचं आरमार बुडवलं, तेव्हा एका आशियाई देशाने युरोपच्या सत्तेला हरवलं म्हणून आपल्याकडे लोकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते खरं होतं आणि आजही वाचताना ऊर भरून येतो. पण त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये जपानने कोरियाला आपलं संरक्षित राज्य केलं आणि १९१० मध्ये गिळूनच टाकलं. माझ्या वहीत १९०५ समोर आधी एकच ओळ होती. दुसरी मी नंतर लाल शाईने लिहिली.

तसंच न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचं. युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या तोक्योच्या खटल्यात त्यांनी आरोपींना दोषी धरलं नाही, म्हणून जपानने काही केलंच नाही असा अर्थ पुष्कळ जण काढतात. नानजिंगमधल्या अत्याचारांचा पुरावा पाल यांनीही नाकारलेला नाही. अंदमान १९४२ पासून तीन वर्षं जपान्यांच्या ताब्यात होतं, तिथल्या माणसांनी काय सोसलं हेही आपल्याच इतिहासात आहे. हिरोशिमा आणि नागासाकीची पानं वाचताना मन हलतंच, हलायलाच हवं. त्याआधीची चौदा वर्षं, १९३१ च्या मांचुरियापासूनची, तितक्याच सावकाश वाचा. छोट्या पुस्तकात ती तीन-चार पानांत उरकलेली असतील तर वहीत 'अपुरं' अशी खूण करा.

१०. तिसरं वाचन: आपल्या बाजूचे धागे

आता पट्टीच्या खालच्या बाजूला परत या आणि जिथे दोन्ही बाजू खरोखर जोडल्या जातात तिथे उभ्या रेघा मारा. ७५२ मध्ये नाराच्या महाबुद्धाचे डोळे उघडण्याचा विधी भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूने केला. १५४८ मध्ये अंजिरो नावाच्या जपानी माणसाने गोव्यात बाप्तिस्मा घेतला, आणि पुढच्या वर्षी त्याच्यासोबत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमाला उतरला. जुन्या गोव्यात झेवियरचं शव बघायला आपण जातो, पण जपानमध्ये ख्रिस्ती धर्म याच माणसाबरोबर गेला हे तिथे क्वचितच कुणी सांगतं. १८९३ मध्ये मुंबई ते कोबे बोटी सुरू झाल्या, इकडचा कापूस तिकडच्या गिरण्यांसाठी.

आणि धोंडो केशव कर्वे. तोक्योत १९०१ मध्ये निघालेल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक लहानशी पुस्तिका त्यांच्याकडे आली होती. १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षीय भाषण तयार करताना त्यांनी ती वाचली, भाषणात स्त्रियांच्या विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते पुण्यात काढलंही.

हे धागे तुमचे तुम्ही शोधा. पुण्यात असाल तर वही घेऊन सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जा. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. मूळ बाग तिथला दाइम्यो इकेदा त्सुनामासा याने करवून घेतली, ती पुरी झाली १७०० मध्ये. मी तळ्याकाठच्या बाकावर बसून चार रकान्यांतली १७०० ची ओळ काढली: सम्राट हिगाशियामा, शोगुन त्सुनायोशी, ठाणं एदो. शेजारी लिहिलं, ओकायामाला इकेदा. मग पट्टीची खालची बाजू बघितली. त्याच १७०० च्या मार्चमध्ये छत्रपती राजाराम महाराजांचं सिंहगडावर निधन झालं. तो गड याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे.